जुनी डिझेल पिकअप गाडी घेताना

पहाटे तीनला वाशीच्या बाजारात उतरलेली भाजी आणि सकाळी नऊला उतरलेली भाजी यांत वाणाचा, खताचा किंवा मेहनतीचा काहीही फरक नसतो. तरीही भावात फरक पडतो, आणि तो फरक पाडणारी वस्तू शेतात नसून रस्त्यावर असते. भाड्याचा टेम्पो ऐन हंगामात वेळेवर मिळत नाही, मिळाला तर त्याचे भाडे मालाच्या भावाकडे पाहून ठरते. म्हणून तीन-चार एकर टोमॅटो, फ्लॉवर किंवा कांदा करणारा शेतकरी स्वतःच्या गाडीचा विचार करू लागतो. नवी गाडी कर्जाशिवाय येत नाही. मग दृष्टी जुन्या गाडीकडे वळते, आणि ‘संगणक नसलेली, साध्या पंपाची गाडी कोठे मिळेल?’ असा प्रश्न ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांपुढेही येतो. अशा वेळी काय सांगावे, काय तपासावे आणि कोणास नको म्हणावे, याविषयी येथे लिहावयाचे आहे.

‘साधा पंप’ म्हणजे काय ते प्रथम पाहू. महाराष्ट्रातील शेतकऱ्यास ही गोष्ट मुळीच परकी नाही. विहिरीवरचे ऑइल इंजिन ज्याने हँडल मारून सुरू केले आहे, त्याने हेच यंत्र पाहिले आहे. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली; त्यानंतर गावोगावी विहिरींवर अशी इंजिने बसली आणि खेड्यातील फिटर त्यांवरच तयार झाले. इंजिनाच्या फेऱ्याबरोबर पंपातील दांडा वर येतो, मोजके डिझेल दाबतो, ते जाड भिंतीच्या बारीक पोलादी नळीतून नोझलपर्यंत जाते आणि तापलेल्या हवेत धुक्यासारखे उडते. ठिणगी लागत नाही. इंजिन फार पळू लागले, की गव्हर्नरची वजने बाहेर फेकली जाऊन डिझेल आपोआप कमी होते. जुन्या चार सिलिंडरच्या पिकअपमध्ये हीच रचना चार वेळा केलेली असते. जर्मनीतील बॉश कंपनीने असे पंप १९२७ साली मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला. आपल्याकडे १९५१ पासून बंगळूरच्या मायको कंपनीमुळे ते सर्वत्र झाले. आजही खेड्यातील वयस्क फिटर डिझेल पंपास ‘मायको’ म्हणतो, तो त्या काळाचा संस्कार होय.

संगणकीय गाडीत हे काम वाटून दिलेले असते. एक पंप सर्व डिझेल एका समाईक नळीत हजार बारच्या वरच्या दाबाने भरून ठेवतो आणि कोणत्या नोझलने केव्हा, किती फवारावे हे संगणक विजेच्या आज्ञेने ठरवितो. त्यामुळे डिझेल कमी लागते, धूर कमी होतो, ओढ चांगली मिळते. हे गुण नाकारण्यात अर्थ नाही. परंतु संवेदकाची एखादी तार उंदराने कुरतडली, तर गाडी जागची हलत नाही, आणि बिघाड कोठे आहे हे सांगण्यासाठी स्कॅनर लागतो. तो तालुक्याच्या गावी असेल, नसेलही. साध्या पंपाच्या गाडीस विजेची गरज सेल्फ मारण्यापुरती आणि बहुतेक गाड्यांत डिझेल बंद-चालू करणाऱ्या झडपेपुरती असते. बॅटरी बसली तरी ती उतारावर ढकलून सुरू करता येते.

गाडी कोणत्या प्रकारची आहे हे विक्रेत्यास विचारण्याचे कारण नाही. बॉनेट उघडून पाहावे. पंपातून प्रत्येक नोझलकडे स्वतंत्र पोलादी नळी गेली असेल, आणि पायातील ॲक्सिलरेटरची तार थेट पंपावरच्या खटक्यास जोडलेली असेल, तर पंप साधा आहे. चारही नळ्या एका आडव्या जाड नळीतून निघत असतील आणि प्रत्येक नोझलच्या डोक्यावर तारांची खूण असेल, तर ती संगणकीय होय. धूर कमी करणाऱ्या एका झडपेपुरती लहान विजेची पेटी काही साध्या गाड्यांतही आढळते. तेवढ्यावरून घाबरू नये. सालावरूनही अंदाज येतो. भारत स्टेज चारचे नियम १ एप्रिल २०१७ पासून देशभर आणि स्टेज सहाचे १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. साधा पंप शोधावयाचा तो त्यापूर्वीच्या गाड्यांत. महिंद्राच्या जुन्या गाड्यांत फ्रान्समधील प्यूजो कंपनीच्या परवान्यावर बनविलेली इंजिने असत, पुढे त्यांची थेट फवारणीची, म्हणजे ‘डी.आय.’ इंजिने आली. टाटांची २०७ डी.आय. आणि १९८६ साली आलेली ४०७ अजून रस्त्यावर दिसतात. यांतील कोणती उत्तम, यावर चावडीवर वाद घालण्यापेक्षा आपल्या तालुक्यात कोणत्या गाडीचे सुटे भाग आणि जाणता फिटर आहे याची चौकशी करावी.

आता परीक्षेविषयी. येथे मी स्वतःचा मूर्खपणा सांगितला तर तो वाचकांच्या उपयोगी पडेल. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या घरी अशीच एक गाडी घेतली. दुपारी पाहावयास गेलो. रंग नवा, हौदा नवा, इंजिन एका सेल्फला सुरू. व्यवहार झाला. तिसऱ्या खेपेस साठ क्रेट टोमॅटो भरून माळशेज घाट गाठला. तेथे तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला आणि हेड गॅसकेट उडाले. प्रत्येकी वीस किलोचे ते क्रेट रात्री दुसऱ्या गाडीत हाताने चढविले. माल बाजारात पोचला तेव्हा लिलाव आटोपला होता. विक्रेत्याने आम्हांस फसविले असे मी म्हणत नाही. आम्ही दुपारी गेलो होतो, हाच दोष.

डिझेल इंजिनाचे खरे स्वरूप ते थंड असताना कळते. हवा दाबली गेल्याने इतकी तापते, की डिझेल आपोआप पेट घेते. रिंगा, लायनर किंवा झडपा झिजल्या असतील तर हवा निसटते आणि पुरेशी तापत नाही. गरम इंजिनात हा दोष झाकला जातो. म्हणून गाडी पाहावयास जावयाचे ते भल्या सकाळी, शक्य तर मार्गशीर्ष-पौषात, आणि न कळविता. गेल्यावर प्रथम इंजिनावर हात ठेवावा.

गेल्या काही वर्षांत जुन्नर तालुक्यातील एका शेतकरी बंधूंबरोबर मी दोन गाड्या पाहिल्या. पहिल्या ठिकाणी सकाळी साडेसातला पोचलो, तर गाडी चकचकीत पुसून उभी होती. हात लावला तो इंजिन कोमट. विक्रेता म्हणाला, “दादा, आत्ताच मागच्या अंगणातून काढली, म्हणून जरा ऊब आहे.” अंगण वीस पावलांचे होते. आमच्या मित्रांनी चहा घेतला, गाडीची स्तुती केली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा हजर झाले. त्या वेळी तीच गाडी आठ-दहा वेळा सेल्फ मारल्यावर, पांढऱ्या धुराचा लोट सोडून, एका सिलिंडरने लंगडत सुरू झाली. यापुढे बोलणे झाले नाही.

धुराचा रंग ओळखावा. थंडीत सुरुवातीस थोडा पांढरा धूर निघून तो मिनिटा-दोन मिनिटांत गेला, तर चिंता नाही. तो राहिला, तर डिझेल अर्धवट जळत आहे किंवा टायमिंग चुकले आहे. गोडसर वासाचा पांढरा धूर गरम झाल्यावरही येत असेल, तर रेडिएटरचे पाणी सिलिंडरमध्ये झिरपत असल्याचा संशय घ्यावा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळणे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. काळ्या धुराचे कारण पुष्कळदा तुंबलेला एअर फिल्टर किंवा झिजलेले नोझल इतके किरकोळ असते. पण कधी कधी ओढ वाढविण्यासाठी पंप ‘वाढवून’ घेतलेला असतो. पंपावरील डिझेलच्या मर्यादेच्या स्क्रूला कारखान्यातून शिक्का येतो. तो तुटलेला दिसल्यास गाडीवर क्षमतेपेक्षा जास्त ओझे वाहिले गेले आहे, असे समजावयास हरकत नाही.

यानंतर इंजिन सावकाश चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण उघडावे. थोडी वाफ चालेल. झाकण तोंडावर सैल ठेवले असता ते नाचू लागले आणि धूर भसाभसा बाहेर आला, तर त्यास फिटर ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. रिंगा गेल्या असून संपूर्ण इंजिन खोलण्याचा खर्च समोर आहे. ऑइलची दांडी काढून ऑइल बोटावर घ्यावे. डिझेलचे ऑइल काळेच असते, त्यात वावगे नाही. दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. रेडिएटरचे झाकण इंजिन सुरू करण्यापूर्वी, थंड असतानाच उघडून पाहावे. पाण्यावर तेलाचा तवंग असेल, किंवा झाकण उघडे ठेवून सुरू केल्यावर बुडबुडे थांबत नसतील, तर आमचा घाट आठवावा. गरम रेडिएटरचे झाकण कोणीही, कोणाच्याही आग्रहावरून उघडू नये. तोंड भाजल्याची उदाहरणे प्रत्येक गॅरेजात सांगितली जातात.

चारांपैकी कोणता सिलिंडर काम करीत नाही, हे शोधण्याची एक जुनी रीत आहे. इंजिन सावकाश चालू असता फिटर एकेका नोझलच्या नळीचा नट थोडा सैल करतो. त्या सिलिंडरचे डिझेल तुटते आणि इंजिनाचा आवाज बसतो. ज्याचा नट सैल करूनही आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. ही परीक्षा केवळ साध्या पंपाच्या गाडीवर, डोळ्यांवर चष्मा लावून, चिंधी धरून आणि हात नळीच्या तोंडापासून दूर ठेवून करावी. साधे नोझलदेखील शंभरापासून अडीचशे बारच्या आसपास उघडते आणि एवढ्या दाबाची धार कातडीत शिरते. संगणकीय गाडीत दाब त्याहून कितीतरी अधिक असल्याने हा प्रयोग तेथे प्राणावर बेतेल.

नोझलची दुरुस्ती स्वस्त, पंपाची महाग. पंपाच्या आतील एलिमेंट आणि त्याचे घर यांची बसण इतकी घट्ट असते, की डिझेल हेच त्यांचे वंगण होते. काही मालक पैसा वाचविण्यासाठी रॉकेल मिसळतात. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्याने वंगण तुटून पंप झिजतो. टाकीत साचणारे पाणी तितकेच घातक. गोल, आखूड बांध्याचा रोटरी पंप आतून पूर्णपणे डिझेलवरच विसंबतो, म्हणून त्याची नासाडी लवकर होते. लांबट, एका ओळीत चार एलिमेंट असलेला पंप अधिक सोशिक, कारण त्याचा कॅम ऑइलमध्ये फिरतो. गाडी गरम असताना बंद करून लगेच सुरू होत नसेल, पण थंड असताना सुरू होत असेल, तर पंपाची झीज झाल्याचा तो निर्देश आहे. पंप टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट करून देणारे दुकान जिल्ह्याच्या ठिकाणी असते. तेथील खर्चाचा आकडा गाडीची किंमत ठरविण्यापूर्वीच विचारून ठेवावा.

रिकामी गाडी चालवून पाहणे म्हणजे बैल न जुंपता पाहण्यासारखे आहे. विक्रेत्याची संमती घेऊन हौद्यात पंधरा-वीस पोती भरावीत आणि जवळच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये न्यावी. इंजिन ओरडते पण गाडी पुढे जात नाही, तेव्हा क्लच प्लेट घसरते आहे. ॲक्सिलरेटर सोडताच गिअर आपोआप निघतो काय, मागच्या हाउसिंगमधून सतत घुमण्याचा आवाज येतो काय, जॉइंट क्रॉस कडकडतो काय, हे ऐकावे. चढ संपल्यावर तापमानाचा काटा पाहावा. उतारावर ब्रेक दाबून गाडी एका बाजूस ओढली जाते का तेही पाहावे. या गाड्यांना नव्या गाड्यांसारखी सुरक्षेची साधने नाहीत, ब्रेकवरच सारी भिस्त असते.

चेसिसचा दोष मात्र सुधारत नाही. हौद्याखाली वाकून जावे, कपडे मळतील. नव्या वेल्डिंगच्या रेघा, पाट्यांच्या जुडीत बसविलेले जादा पाटे, पट्ट्यांना पडलेले पापुद्रे यांवरून गाडीचा पूर्वेतिहास कळतो. समुद्रकिनारी मासळी वाहिलेली गाडी बाहेरून कितीही रंगविली, तरी खाली स्क्रू ड्रायव्हरने टोचल्यावर लोखंड झडते. ओल्या मातीत गाडी सरळ चालवून चाकोरी पाहण्याची युक्तीही करावी. मागची चाके पुढच्यांच्या मानाने दोन्ही बाजूंस सारखी पडली पाहिजेत. एकाच बाजूस सरकली असतील, तर चेसिस किंवा मागचा ॲक्सल वाकलेला आहे.

इतके सांगून आता कागदपत्रांकडे येतो. आमच्या मित्रांनी पाहिलेली दुसरी गाडी एका वृद्ध शेतकऱ्याची होती. रंग उडालेला, काच तडकलेली. इंजिन बर्फासारखे थंड, आणि दुसऱ्या सेल्फला सुरू. झाकण ठेवले ते जागचे हलले नाही. चढावर वीस पोत्यांनिशी काटा निम्म्यावर. पण नोंदणी पुस्तकात नाव होते मालकाच्या दिवंगत थोरल्या भावाचे, आणि वित्तसंस्थेचा बोजा तसाच चढलेला, कर्ज फिटून वर्षे लोटली तरी. “दादा, गाडी तर आमचीच आहे, सगळा गाव जाणतो,” असे ते म्हणत होते, आणि ते खरेही होते. परंतु परिवहन कार्यालय गावाची साक्ष घेत नाही. प्रथम वारसाच्या नावे नमुना ३१ चा अर्ज, मग बोजा उतरविण्यासाठी वित्तसंस्थेच्या सहीने नमुना ३५, आणि त्यानंतर नमुना २९ व ३० वर विक्रीचे हस्तांतर. या सर्वांस दोन महिने लागले. तोपर्यंत टोमॅटोचा पहिला तोडा भाड्याच्या टेम्पोनेच गेला. इसार थोडा देऊन उर्वरित रक्कम हस्तांतर झाल्यावर देण्याचा लेखी करार केला होता, म्हणून निभावले. केवळ सही केलेल्या कोऱ्या नमुन्यांवर गाडी ताब्यात घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची यावर विक्रेता, खरेदीदार आणि विमा कंपनी तिघेही भांडतात, आणि जखमी माणूस वाट पाहत राहतो.

चेसिसवरचा व इंजिनावर ठोकलेला क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहावा. इंजिन बदललेले असेल तर त्याची नोंद हवी. मालवाहू गाडीस आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि १५ वर्षांवरील गाड्यांचे हे शुल्क २०२२ पासून बरेच वाढले आहे. महाराष्ट्रात आठ वर्षांवरील मालवाहू गाडीस पर्यावरण करही आहे. साध्या पंपाची जवळजवळ प्रत्येक गाडी या मर्यादेपलीकडची असल्यामुळे, वर्षाचा हा खर्च परिवहन कार्यालयात विचारून भाड्याच्या बचतीशी ताडून पाहावा. काहींच्या बाबतीत बचत उरतच नाही. परराज्यातील गाडी, विशेषतः दिल्ली परिसरातील, स्वस्त मिळते. तेथे १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली व सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली, त्यामुळे अनेक गाड्या बाहेर विकल्या गेल्या. अशा गाडीस मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आहे की नाही, आणि येथे कर किती भरावा लागेल, हे कळेपर्यंत इसार देऊ नये.

पुस्तकात लिहिलेले एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल, तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहतुकीचा परवाना घ्यावा लागत नाही. हलक्या वाहनाचे लायसन असलेला इसम ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र हौद्यात मजूर, वऱ्हाडी किंवा यात्रेकरू बसविण्याची मुभा यांपैकी कशानेही मिळत नाही. माल न्यावयाच्या हौद्यात धरण्यास काही नसते, आणि वळणावर गाडी कलंडली की विम्याचा आधारही तुटतो. तोडणीच्या दिवशी बायकांना शेतावर नेण्याची सोय म्हणून जो गाडी घेणार असेल, त्यास ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी स्पष्टपणे नको म्हणावे.

आणखी कोणास नको म्हणावे? जो रोज शंभर-दीडशे किलोमीटर अंतरावर माल नेणार आहे, त्यास. त्याच्या हिशेबात डिझेलची बचत आणि वेळेची हमी हीच मोठी, म्हणून त्याने नवी गाडी कर्जाने घेतली तरी परवडेल. ज्याच्या गावात डिझेलचा जाणता फिटर उरला नाही, त्यासही. जुने फिटर वयस्क झाले आहेत आणि त्यांची मुले स्कॅनरवर शिकत आहेत; साध्या गाडीचा साधेपणा ती उघडणारा हात असेपर्यंतच उपयोगाचा. हंगामापुरती, तीस-चाळीस किलोमीटरच्या आत ने-आण करणारा, स्वतः पाना हातात धरणारा शेतकरी हा या गाडीचा खरा मालक. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून घ्यावयाची असेल तर डिझेल, टायर आणि दुरुस्तीचा हिशेब आरंभीच लेखी ठरवावा. भागीदारी इंजिनाच्या आधी मोडते.

किंमत ठरविताना, माझ्या मते, तिच्या चौथ्या हिश्श्याइतकी रक्कम वेगळी ठेवावी. गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात ती खर्च होतेच. टाकी उतरवून आतील गाळ आणि पाणी काढावे. डिझेलचे दोन्ही फिल्टर, एअर फिल्टर आणि इंजिन ऑइल बदलावे. चारही नोझल उतरवून हातपंपाच्या टेस्टरवर पाहावेत; धुके सारखे पडले पाहिजे, थेंब टपकता कामा नये. रेडिएटरच्या रबरी नळ्या आणि पंख्याचा पट्टा नवा घालावा, जुना पट्टा गाडीतच ठेवावा. फिल्टर बदलल्यावर लाइनमध्ये हवा शिरते आणि इंजिन सुरू होत नाही; ती हवा फीड पंपाच्या दट्ट्याने कशी काढावयाची, हे फिटरकडून त्याच वेळी स्वतःच्या हाताने करून शिकून घ्यावे, कारण हे काम पुढे कधीतरी अंधारात, माल भरलेला असताना करावे लागते.